पांदणीतून शर्यतीकडे

वसमतचा माणूस माउंटन बाईकच्या शर्यतीत उतरणार म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : अरे, पण आपल्याकडं डोंगर कुठाय? प्रश्न रास्त आहे. गावाबाहेर पडलं की हळद, ऊस, केळी, सोयाबीन, कापूस. तालुक्यातून आसना वाहते, पूर्णा प्रकल्पाचा कॅनॉल शेतांच्या कडेकडेनं फिरतो, आणि नजरेत भरणारी उंच गोष्ट कोणती म्हणाल तर साखर कारखान्याची चिमणी. औंढा नागनाथच्या दिशेनं निघालं की जमीन हळूहळू उचलायला लागते, माळ लागतात, टेकड्या दिसतात. पण पुण्या-साताऱ्याकडचा माणूस ज्याला डोंगर म्हणेल असं काही त्यात नाही. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी आणि त्यानंतरही या भागाची ओळख काळ्या जमिनीचीच राहिली. इथल्या हळदीला २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. सायकलीसाठी इथं कुणी आलेलं ऐकिवात नाही.

तरीही ही पुस्तिका वसमतसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, आयुष्यात पहिल्यांदाच माउंटन बाईकच्या शर्यतीचा फॉर्म भरू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. असं का, हे सांगायला ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

या शर्यतीत चढ असतात, उतार असतात, कुठं कुठं छाती दडपणारे असतात. पण नवखा माणूस चढामुळं क्वचितच अडतो. चढ फार झाला तर तो खाली उतरतो आणि सायकल ढकलतो. नियमात ते बसतं. तो अडतो ते पायाखालच्या जमिनीमुळं. चाक कुठं रुतेल, कुठं घसरेल, कुठला दगड हलका आणि कुठला पक्का, ओल्या जागेतून वेगात काढायचं की थांबून, हे ज्याला क्षणात दिसत नाही त्याची ताकद नुसती सावरण्यातच खर्च होते. आणि खराब जमीन आपल्याकडं डोंगराइतकी दुर्मीळ नाही.

पांदण ज्यानं पाहिली नाही त्याच्यासाठी दोन ओळी. दोन शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही अंगांना बाभळी आणि काटेरी कुंपण असलेली, बैलगाडीच्या मापाची वाट. मधोमध गवताची पट्टी, बाजूंना खोल चाकोऱ्या. चैत्र-वैशाखात त्या चाकोरीत घोटाभर फुफाटा असतो. पुढचं चाक एकदा त्यात उतरलं की हँडल आपलं राहत नाही. मृगानंतर तीच माती टायरला थरावर थर चढत जाते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पावसाळ्यात जी जमीन चाक सोडत नाही तीच उन्हाळ्यात चाक अडकेल एवढ्या भेगा टाकते. पण सगळ्यात वाईट काळ या दोन्हींच्या मधला. दिवाळीच्या सुमाराला, पावसात उमटलेले गुराढोरांच्या खुरांचे आणि ट्रॅक्टरच्या टायरचे ठसे वाळून कडक होतात आणि कोसभर वाट दात खिळखिळे करते. एका गावाहून दुसऱ्या गावच्या शाळेत सायकलवर गेलेल्या पोरानं हे सगळे हंगाम अनुभवलेले असतात. खडबडीत जागा आली की सीटवरून अंग उचलायचं, गुडघे मऊ ठेवायचे, नजर चाकापाशी न ठेवता पुढं दहा हात टाकायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ओढ्यात उतरताना पुढचा ब्रेक करकचून दाबला तर काय होतं, हे आठवीतल्या मुलाला गुडघ्यावरून कळलेलं असतं. सायकलिंगच्या शिबिरांत याच गोष्टींना भारदस्त नावं असतात आणि त्या शिकवण्याची फीसुद्धा तशीच असते.

खेळाचा जन्मही काही फार थाटात झालेला नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन परगणा आहे. माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर तिथला. सत्तरच्या दशकात तिथल्या काही तरुणांना १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, फुगीर टायरच्या, जड सायकली डोंगरउतारावरून पिटाळायचा नाद लागला. बहुतेक सायकली अडगळीतून नाहीतर भंगारातून शोधून आणलेल्या. गिअर एकच, ब्रेक मागचा, तोही पायडल उलट दाबल्यावर लागणारा. सगळ्यांत वेगवान कोण यावरून वाद व्हायला लागले, तेव्हा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर घड्याळ लावून शर्यत घेतली गेली. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला तो रस्ता, जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, आणि तेवढ्यात सुमारे चारशे मीटर खाली उतरणारा. ठरावीक अंतरानं एकेक जण सुटला. खाली पोचेपर्यंत ब्रेकच्या घर्षणानं मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि घरी जाऊन ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ म्हणू लागले. त्या पहिल्या शर्यतीत अ‍ॅलन बाँड्स जिंकला. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही पुढं या धंद्यात नावारूपाला आलेली मंडळी त्याच कोंडाळ्यातली. ब्रीझनं १९७७ मध्ये याच कामासाठी मुद्दाम सांगाडा जोडून सायकल बनवली.

हा इतिहास मी सांगतो तो एवढ्यासाठी की आपली बावीस इंची काळी सायकल आणि रिपॅकमधली सायकल शेजारी ठेवल्या तर फार लाजण्यासारखं अंतर निघत नाही. वजन तेवढंच, गिअर एकच. फरक टायरचा, आणि त्याहून जास्त हौसेचा. आपल्याकडं ती सायकल दूध, वैरण आणि डबलसीट पाहुणा वाहण्यात इतकी गुंतली होती की तिच्यावर शर्यत लावायला कुणाला सवड झाली नाही. नव्वदच्या दशकात जाड टायरची, सरळ दांडीच्या हँडलची ‘रेंजर’ आली, तेव्हा गावातल्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की सायकल नुसती गरजेपुरती नसते. ती ज्याच्याकडं होती त्याच्याभोवती शाळा सुटल्यावर गर्दी व्हायची. तिच्यावरून शर्यत अशी कुठली व्हायची नाही, फक्त मागचं चाक घासून वळवण्याचे खेळ. पण हात तयार झाले.

पुढची वाटचाल भराभर झाली, म्हणून भराभरच सांगतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या ड्युरँगोला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री प्रकार आला. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेन्त्येन्स आणि इटलीची पाओला पेझो हे पहिले सुवर्णविजेते. हिमाचलात २००५ मध्ये काही दिवस चालणारी ‘एमटीबी हिमालया’ सुरू झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या एनईएफ संस्थेची ‘एन्ड्युरो-३’ ही तिघांच्या संघाची साहसी शर्यत २००३ पासूनची. तिच्यात चालणं आणि सायकल दोन्ही असल्यानं सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर सायकल घालण्याची पहिली संधी बऱ्याच हौशी लोकांना तिथंच मिळाली. यांखेरीज सायकलिंग संघटनेच्या राज्य आणि राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धा. मराठवाड्यातून निघालेल्या माणसाला यांपैकी कुठंही पोचायचं तर रात्रीची ट्रॅव्हल्स धरावी लागते, पुढचं चाक काढून सायकल डिक्कीत घालावी लागते आणि तिच्या अंगावर कुणी हळदीचं पोतं ठेवत नाही ना, हे पाहत उभं राहावं लागतं. ही पुस्तिकेतली अगदी पहिली सूचना आहे. मागचा गिअर ज्या नाजूक कानावर बसतो तो बाहेरच्या बाजूला येईल अशी सायकल आडवी टाकू नये; तो कान वाकला की शर्यत डिक्कीतच संपते.

आता जे आपल्याकडं नाही त्याविषयी. जमीन ओळखीची असली तरी शर्यत अनोळखी आहे, आणि नवखा वसमतकर गांगरतो तो इथं. आपल्याकडं शर्यत म्हटलं की डोळ्यांपुढं बैलांचा शंकरपट येतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तो थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधली सात वर्षं लोक त्याच्या आठवणी काढत होते. शंकरपटात निकाल सेकंदांत लागतो. सुटण्याच्या क्षणी जे असेल ते सगळं ओतायचं, राखून काही ठेवायचं नाही. रक्तात ही शर्यत मुरलेला माणूस माउंटन बाईकच्या सुरुवातरेषेवर उभा राहिला की झेंडा पडताच तेच करतो. आजूबाजूचे पन्नास जणही नेमके तेच करतात, त्यामुळं आपण बरोबर वागतोय अशी त्याची खात्रीही पटते.

त्या पन्नासांतल्या पुढच्या दहांकडं तसं करण्याचं कारण असतं. रुंद मैदानातून सुटलेली शर्यत काही मिनिटांत एका माणसाच्या रुंदीच्या पायवाटेत शिरते आणि तिथं आधी पोचलेल्याला ओलांडणं अवघड होतं. पुढं उभं राहण्याचा मान आधीच्या कामगिरीवर मिळतो, म्हणजे नवख्याची जागा शेवटच्या ओळीत. तिथून जिवाच्या आकांतानं निघालं तरी पायवाटेच्या तोंडाशी पुढच्या तीस जणांची रांग लागलेलीच असते आणि तो धापा टाकत त्या रांगेत उभा राहतो. शरीराचं गणितही याच वेळी उलटतं. जोर लावायला सुरुवात केल्यावर श्वास आणि रक्ताभिसरण स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोचवू लागेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. तोवर लावलेली ताकद उधारीची असते. उधारी असल्यामुळं ती सोपी वाटते, सुरुवातीला कुणालाच दम लागत नाही, आणि पहिल्या चढाच्या मध्यावर सगळी वसुली एकदम होते. मांड्या जड, तोंडाला कोरड, कानात ठोके. पहिल्यांदाच शर्यत करणाऱ्याला त्या क्षणी वाटतं की आपली तयारीच नव्हती. तयारी असते, पहिल्या पाच मिनिटांत ती वाटून टाकलेली असते.

म्हणून या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण पहिल्या फेरीवर आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर एलिट गटाची क्रॉस-कंट्री शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटांची असते, चार-सहा किलोमीटरच्या वळसेदार मार्गावर फेऱ्या मारत. नवख्यांच्या गटाला फेऱ्या कमी. पहिली फेरी ही वाट पाठ करण्याची फेरी समजावी, असं माझं मत आहे. अनुभवी प्रशिक्षक यावर नाक मुरडतात. वाट आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, शर्यतीत पाहणं म्हणजे वेळ घालवणं, असं ते म्हणतात आणि त्यांच्या शिष्यांसाठी ते खरंही आहे. पण ट्रॅव्हल्समधून पहाटे उतरून थेट मैदानावर आलेल्या माणसाला आदला दिवस मिळालेलाच नसतो.

फेरी सुरू असताना मागून कुणीतरी ‘राइट, राइट’ किंवा ‘लेफ्ट’ ओरडतं. ती शिवी नव्हे. मी त्या बाजूनं काढतोय, एवढंच तो सांगत असतो. नवखा बहुतेक वेळा घाबरून त्याच बाजूला सरकतो. आपली रेषा धरून राहावं, थोडी जागा द्यावी, थांबून खाली उतरण्याची गरज नाही. चालत असाल तर मात्र वाट मोकळी ठेवून कडेनं चालावं, कारण सायकलवर असलेल्याला चालणाऱ्यानं अडवू नये, ही या खेळाची रीत आहे.

आणि मागं पडण्याविषयी. या शर्यतीत मागं पडलेल्याला कधी कधी बाहेर काढतात. आंतरराष्ट्रीय नियमात त्याला ऐंशी टक्क्यांचा नियम म्हणतात. समजा, आघाडीवरच्यानं पहिली फेरी १५ मिनिटांत केली. त्याचे ८० टक्के म्हणजे १२ मिनिटं. कुणी आघाडीपासून १२ मिनिटांहून जास्त मागं पडला की फेरीच्या शेवटी पंच त्याला बाजूला घेतात, म्हणजे अरुंद वाटेवर आघाडीच्या स्पर्धकांना तो आडवा येत नाही. निकालपत्रात त्याचं नाव येतं, शेजारी किती फेऱ्या राहिल्या तो आकडा. स्थानिक शर्यतींत हा नियम कधी पाळतात, कधी सैल सोडतात. पंचानं हात केला म्हणजे आपण हाकलले गेलो असं वाटून रडकुंडीला आलेले धट्टेकट्टे लोक मी पाहिले आहेत. जागतिक स्पर्धांतही मोठ्या संख्येनं स्पर्धक असेच बाहेर येतात आणि तंबूत जाऊन केळी खातात. केळ्यांवरून आठवलं : आपल्या शेजारच्या अर्धापूरची केळी त्या तंबूतल्या केळ्यांपेक्षा कितीतरी सरस असतात, तेव्हा चार बरोबर न्यावीत. खाण्यापिण्याचं प्रकरण या पुस्तिकेत तेवढ्यापुरतंच आहे. तासा-दीड तासाच्या शर्यतीला पाणी, मीठ-साखर, केळी आणि गूळ-शेंगदाणे पुरतात. डब्यांतल्या पावडरींवर आम्ही पानं घालवलेली नाहीत.

सायकलीवर मात्र घालवली आहेत, कारण विचारणा तिचीच जास्त होते. किती हजारांची घ्यावी? माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही : पहिल्या शर्यतीसाठी घेऊच नये, मागून आणावी. ओळखीत कुणाकडं तरी पुढं सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली साधी माउंटन बाईक असतेच. रिपॅकचं कौतुक करूनही मी बावीस इंची सायकलवर कुणाला सुरुवातरेषेवर पाठवणार नाही. ती माणसं एकेक सुटत होती. इथं मागून पन्नास जण येत असतात आणि तुमचा ब्रेक लागला नाही तर त्यांचंही हाड मोडतं. हेल्मेटशिवाय उभं राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, घंटी आधी उतरवावं. पायडल साधेच ठेवावेत. बुटाला अडकणारे पायडल पहिल्या शर्यतीत पायापेक्षा डोक्याला जास्त अडकतात. हँडलला बांधलेली नंबराची पाटी पडू देऊ नये. वाटेत ठरलेल्या जागी चाक बदलता येतं, पण शेवटची रेषा त्याच पाटीसह ओलांडावी लागते.

हवेचं काय करायचं, हे जरा सविस्तर. आपला पंक्चरवाला टायर अंगठ्यानं दाबून पाहतो आणि तो दगड झाला की समाधानानं मान हलवतो. डांबरी रस्त्याला ते ठीक. कच्च्या वाटेवर तसा टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि वळणावर जमीन धरत नाही. ट्यूब असलेल्या रुंद टायरला तीस ते पस्तीस पीएसआय, ट्यूबलेसला पंचवीसच्या आसपास, वजनाप्रमाणे थोडं वरखाली. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पुण्याकडच्या स्पर्धकाला तीच भीती असते. आपली भीती वेगळी : बाभळीचा काटा. पांदणीवर सराव करणाऱ्याची ट्यूब हवेच्या दाबाचा विचार न करता पंक्चर होते. ट्यूबलेस टायरमध्ये घातलेलं पातळ द्रावण असली बारीक भोकं जागच्या जागी बुजवतं, म्हणून वसमतच्या माणसानं पहिले जास्तीचे पैसे घालावेत ते इथं, चकचकीत गिअरवर नव्हे.

जमीन ओळखीची आहे असं मी वर म्हटलं, त्याला एक मर्यादा आहे. सह्याद्री आणि वसमत एकाच काळ्या खडकावर आहेत, दोन्हीकडं बसाल्टच. पण आपल्या सपाटीवर त्या खडकाची माती होऊन थरच्या थर साचली. सह्याद्रीच्या उतारावर ती पावसानं धुऊन नेली आणि मागं मुरूम आणि सुटे गोटे राहिले. डोंगर चढणारे लोक त्याला घसारा म्हणतात. चिखलाची सवय असलेला माणूस घसाऱ्यावर फसतो, कारण चिखल चाकाला धरतो आणि घसारा सोडतो. चिखलात जोर लावून काढावं लागतं; घसाऱ्यावर जोर लावला तर मागचं चाक नुसतं फिरतं. उतारावर पुढचा ब्रेक एका बोटानं, थोडा थोडा, वळण येण्याआधीच लावून मोकळा करावा लागतो. वजन मागं न्यायचं हे आपल्याला माहीत असतं, पण वळणावर बाहेरचा पाय खाली आणि त्यावर भार, हे शिकावं लागतं. यासाठी कॅनॉलचा रस्ता उपयोगाचा नाही. तो लांब पल्ल्याला, एकसारखा दम टिकवण्याच्या सरावाला चांगला. घसाऱ्यासाठी औंढ्याकडचे माळ गाठावेत. तिथले उतार फार मोठे नाहीत, पण एकच उतार सकाळभर पुन्हा पुन्हा उतरला तर जे शिकायचं ते शिकून होतं. मार्चनंतर ही सकाळ आठच्या आत आटोपावी. आपल्याकडचं ऊन सरावाला माफ करत नाही.

मुलींविषयी वेगळं प्रकरण असावं की नसावं, यावर बराच खल झाला. शेवटी नको असं ठरलं, कारण वाट तीच, फेऱ्यांचा फरक सोडला तर नियम तेच. पण इथं दोन वाक्यं लिहायला हवीत. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत आज रोज सायकल चालवणाऱ्यांत मुलींची संख्या नजरेत भरते, आणि यात मानव विकास कार्यक्रमातून शाळा दूर असलेल्या मुलींना मिळालेल्या सायकलींचा वाटा मोठा आहे. मुलगा सोळाव्या वर्षी मोटारसायकलवर बसतो आणि त्याचे पाय तिथंच थांबतात. बहीण बारावीपर्यंत सायकल दामटत राहते. संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बाईक विजेती झाली आणि देशाकडून खेळली. संगमनेर काही महानगर नव्हे. तिच्या नावाचा उल्लेख शाळेच्या मैदानावर करून पाहावा, मुली कान टवकारतात. आईबापांना पटवायला मात्र नावापेक्षा दुसरी गोष्ट लागते : परत येताना रात्रीच्या गाडीत सोबत कोण आहे, हे. त्याची तजवीज आधी करावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. संघटनेच्या स्पर्धांत वयोगट जन्मवर्षावरून ठरतो, वाढदिवसावरून नव्हे. म्हणून जन्माचा दाखला लागतो आणि त्यावरचं साल आधार कार्डावरच्या सालाशी जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही लागते. जिल्ह्याच्या निवडीतून राज्य, राज्यातून राष्ट्रीय अशी पायरी आहे. खासगी संयोजकांच्या शर्यतींना यातलं पुष्कळ लागत नाही, फी मात्र जास्त असते. नवख्यासाठी मी खासगी शर्यतच सुचवेन, तिथं मागच्या ओळीतल्यांना सांभाळून घेतात.

राहता राहिला एक विषय, जो पुस्तिकेत नाही आणि असायला हवा होता असं मला वाटतं : वसमतलाच शर्यत का घेऊ नये? मार्ग डोळ्यांपुढं आहे. कॅनॉलच्या रस्त्यानं सुरुवात, म्हणजे गर्दी पांगायला अंतर मिळतं. मग पांदण, एक ओढा, वर माळ, आणि परत. चार-पाच किलोमीटरची फेरी आरामात निघते. अडचण महिन्याची आहे. पावसाळा बाद, कारण मातीच हलू देणार नाही. दसऱ्या-दिवाळीला सोयाबीनची मळणी, वाटेवर यंत्रं. नंतर उसाच्या ट्रॉल्या, कापसाची वेचणी. फेब्रुवारीपासून हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी; तेव्हा तर माळावर सायकल घालायला जागाच राहत नाही, सगळीकडं हळद पसरलेली. मोकळी फट सापडते ती जानेवारीत, तूर निघाल्यावर आणि हळद खणायच्या आधी, आणि थंडीही तेव्हा बरी असते. दुसरी अडचण पांदणीची. २०२१ मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ज्या पांदणी तिच्यातून पक्क्या झाल्या तिथं शेतकऱ्याचा माल पावसातही बाहेर पडतो, हे चांगलंच झालं. सायकलस्वारानं त्याबद्दल हळहळणं शोभत नाही. ज्या राहिल्या त्यांतल्या बऱ्याच धुऱ्याच्या भांडणात अडकलेल्या आहेत, आणि दोन भावकींच्या मधून पन्नास सायकली न्यायच्या तर पंचांपेक्षा तलाठ्याची ओळख जास्त कामाला येईल. तेवढं जमलं तर उरतो बक्षिसाचा प्रश्न. आमच्यातले काही जण म्हणतात पहिल्याला ट्यूबलेस टायरची जोडी द्यावी, काही म्हणतात हळदीचं पोतं द्यावं. सध्याचा भाव पाहता टायर स्वस्त पडतील.